कातरणाच्या पट्ट्यांची गोधडी: आधी जोडायच्या की थेट अंथरायच्या?

कंदी पेढा:
नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई ब्लाउज शिवतात. कातरण टाकायचं नाही हा घरचा कायदा, त्यामुळे माळ्यावर तांदळाच्या रिकाम्या पोत्यांमधून नुसत्या पट्ट्या भरून ठेवल्यात. टू बाय टू रुबिया सगळ्यात जास्त, त्याखालोखाल अस्तराचं पॉपलीन, थोडं खणाचं कापड आणि साड्यांचे कापून उरलेले काठ. रुंदी एक इंचापासून चार इंचांपर्यंत, लांबी वीतभर ते हातभर. दिवाळीच्या आत यातून एक सिंगल गोधडी करायची ठरवली आहे, पाच फूट बाय साडेसात फूट.

अडलंय ते इथे. यूट्यूबवर सगळ्या जणी पट्ट्या मशीनवर एकमेकींना जोडून आधी अखंड कापड तयार करतात, मग त्याखाली थर घालून टाके घालतात. सासूबाई म्हणतात असली थेरं नकोत, खाली जुनी साडी अंथर, वर पट्ट्या मांड आणि धावदोरा घालत सुट. घरात दोन पक्ष झालेत. सासरे तटस्थ आहेत, त्यांना फक्त माळा मोकळा हवाय. कोणी केलं असेल तर सांगा.

बिनकामाचा:
गच्चीवरच्या वांग्यांच्या चर्चेच्या धाग्याचं काय झालं ताई? ते भिजत घोंगडं, आता ही गोधडी.

कंदी पेढा:
@बिनकामाचा, वांगी माकडांनी खाल्ली. पुढे?

पायमशीन:
इस्लामपुरात टेलरिंग करतो, तेव्हा मशीनची बाजू घेणार हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्यांदा हिशेब. तुमचं माप म्हणजे ६० बाय ९० इंच. पट्टी अडीच इंची घेतली आणि दोन्हीकडे पाव पाव इंच माया (शिवणीच्या आत जाणारी कड) सोडली तर शिवून दोन इंच उरते. ९० इंचांत ४५ ओळी, प्रत्येक ६० इंचांची. झाले २७०० इंच, म्हणजे २२५ फूट पट्टी. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात सव्वाचार वार. तीच गोधडी दीड इंची पट्टीची करायला घ्या, ९० ओळी लागतात, ४५० फूट पट्टी लागते आणि कापड पाच वारांच्या वर जातं, कारण तिसरा हिस्सा मायेत गडप होतो. एक इंची पट्टीत तर निम्मं कापड आतच जातं. म्हणून दीड इंचाच्या खालचं सगळं बाजूला काढा.

दुसरं, ब्लाउजच्या कातरणात बाहीजवळच्या आणि गळ्याजवळच्या पट्ट्या उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, असतात. दोन्ही टोकं धरून हलकं ओढून बघा, ताणली गेली की समजायचं. उरेब आणि सरळ पट्टी एकमेकींना जोडली की इस्त्री केल्यावर हमखास फुगा येतो. उरेब पट्ट्यांचा वेगळा ढीग करा.

तिसरं, लांब ओळी जोडताना एक ओळ डावीकडून उजवीकडे शिवा, तिच्या पुढची उजवीकडून डावीकडे. सगळ्या एकाच दिशेने मारल्या की खालचं कापड मशीन जास्त ओढतं आणि पूर्ण तुकडा एका अंगाला वाकत जातो. मग कितीही इस्त्री करा, तो चौकोन काही परत येत नाही.

आत्याबाई:
बाळ, तुझ्या सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्या खटावात वाकळ, म्हंजे गोधडीच, मशीनवर कोणी शिवत नसे, मशीन होतं कुणाकडे.

पण आधी एक सांग, पाच फूट रुंदी कशापायी? साडीचा पन्हा चार फुटांच्या आतबाहेर असतो. रुंदी तेवढीच धर. नाहीतर प्रत्येक थराला मधोमध सांधा द्यावा लागंल आणि नेमका तोच पाठीला टोचंल. लुगड्याचं पण गणित असतंय. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, साडेसहा फुटांनी घडी घातलीस तर चार थर बसतात नि वर बारा इंच उरतात. पाचवारी साडी घेशील तर दोनच.

आता रीत ऐक. लुगडं ओसरीवर किंवा सारवलेल्या अंगणात हातरायचं, चार कोपऱ्यांवर दगड. तळहातानं मधनं कडंला सुरकुती काढत जायचं. सगळे थर झाले की लांब लांब कच्चे टाके घालून घ्यायचे, वीतभराच्या अंतरानं. हे सोडलंस तर पुढं पोटात फुगा येतोच. मग वरच्या कडेला पहिली पट्टी सुलटी ठेवायची. दुसरी तिच्यावर उलटी ठेवायची, काठाला काठ जुळवून. धावदोरा सगळ्या थरांतून आरपार घालायचा. पट्टी पलटायची, नखानं दाबत दाबत शिवण बसवायची. मग तिसरी. असं खालपर्यंत. कुठंच दशी बाहेर राहत नाही, आणि आधी जोडायचं नि मग शिवायचं असं दोनदा काम पण नाही. पट्ट्या संपल्या की चारी कडांनी आत आत गोल धावदोरा घालत मध्यावर यायचं.

दोऱ्याला मेण लाव, गुंता होत नाही. अंगुस्तानाशिवाय बसू नकोस, नवीन मुली बसतात आणि तिसऱ्या दिवशी बोट दाखवत फिरतात.

मिरज जंक्शन:
आत्याबाई, हे वाचूनच झोप आली. गोधडी काम करते म्हणायची.

पायमशीन:
आत्याबाईंच्या रीतीला माझा नमस्कार, पण पाच थरांतून हातानं एवढे टाके घालायला आजकाल कोणाला वेळ आहे? कंदी पेढा, तुम्ही नोकरी करता ना? दिवाळी म्हणालात, कोणत्या सालची ते नाही सांगितलं.

आत्याबाई:
पायमशीनदादा, वाकळ एकटीनं शिवतच नाहीत. दुपारची भांडी आवरली की चौघी जणी चार बाजूंनी बसायच्या. गावातल्या निम्म्या सोयरिकी वाकळंवरच जुळल्यात, आणि निम्म्या मोडल्यात.

शिकागोचा सांगलीकर:
इकडे गंमत ऐका. दुकानात अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी विकत मिळते, जेली रोल म्हणतात, साधारण चाळीस पट्ट्या. म्हणजे नवंकोरं कापड घ्यायचं, कापून पट्ट्या करायच्या, विकायच्या आणि घेणाऱ्यानं त्या परत जोडायच्या! माझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, तुमच्या इकडं शिंपी नाहीत का?

पण त्यातली एक युक्ती कंदी पेढा यांना उपयोगी पडेल. सगळ्या पट्ट्या टोकाला टोक जोडून एकच लांब पट्टी करायची, चाळीस पट्ट्यांची भरते जवळपास १६०० इंच. मग तिची दोन टोकं एकत्र आणून लांबीत शिवायची आणि घडी कापायची. झाल्या दोन ओळी. परत तेच, चार. मग आठ, सोळा, बत्तीस. पाच वेळा घडी घातली की ५० बाय ६४ इंचांचं कापड हातात. कुठला रंग कुठे येईल याचा विचारच करावा लागत नाही. अर्थात पहिली शिवण ८०० इंचांची असते, तेवढ्यात पीळ पडला तर देव आठवतो.

आणि अलाबामातल्या जीज् बेंड गावच्या बायकांच्या गोधड्या जरूर बघा. शेतात वापरून विरलेले कपडे, पँटींचे पाय, त्यांच्या पट्ट्या, कुठेही फूटपट्टी लावून आखल्यासारखं काही नाही. २००२ मध्ये त्यांची मोठी प्रदर्शनं भरली, २००६ मध्ये अमेरिकेनं त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली.

बिनकामाचा:
म्हणजे आमच्या आजीवरही तिकीट निघायला हवं होतं. तिनं आजोबांच्या धोतरापासून पोस्टमनच्या पिशवीपर्यंत काही सोडलं नाही.

हिशेबनीस:
थोडं विषयांतर. अशी गोधडी आज विकत घ्यायची तर हाताच्या कामाचे जे पैसे होतात ते ऐकून लोक 'जुन्या साड्यांचे एवढे?' म्हणतात. त्यांना साडीचे पैसे दिसतात, टाक्याचे दिसत नाहीत. माझी मावशी ऑर्डरी घेते, साड्या गिऱ्हाइकाच्याच. ती आता फुटावर दर सांगतच नाही, टाका किती जवळ हवा ते आधी विचारते. बोटभर अंतराला एक दर, दोन बोटांना दुसरा. त्यापासून घासाघीस कमी झाली.

चिकूची आई:
मावशींचा दर व्यनि (खाजगी निरोप) करा प्लीज. आणि पोटात फायबर शीट घातलं तर चालेल का? माझ्याकडे घेऊन ठेवलंय.

आत्याबाई:
फायबर घालून केलं की ती वाकळ नाही, दुकानातली रजई.

कृष्णाकाठ:
फायबरवरून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आमच्या घरात जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर घरातलं सगळं अंथरूण पांघरूण अंगणात काढलं, तेव्हा कोण कशाचं बनलंय ते उघडं पडलं.

कापसाच्या गाद्या गेल्या. चिखल पिऊन त्यांचे गोळे झाले होते, पिंजाऱ्याकडे नेण्याच्या लायकीच्याही राहिल्या नाहीत. दुकानातली फायबरची रजई वाळली लवकर, पण तिच्यावरच्या शिवणी फूटफूट अंतरावर. त्यातल्या दोन-तीन तुटल्या आणि आतलं सगळं सरकून एका कोपऱ्यात जमा झालं. बायकोनं हौसेनं विकत घेतलेलं एक पट्ट्या जोडलेलं बेडकव्हर होतं, मशीनचं. त्याचं कापड शाबूत, पण शिवणी जागोजाग उसवलेल्या. उलटं करून पाहिलं, माया जेमतेम दोन-तीन मिलीमीटर ठेवलेली, दशा निघून शिवणीपर्यंत पोचल्या होत्या.

आईच्या दोन वाकळा मात्र पाइपाच्या पाण्यानं चिखल घालवून, साबणात बुडवून, पायानं तुडवून धुतल्या. गच्चीच्या कठड्यावर टाकल्या तर ओल्या वाकळेच्या वजनानं कठडा जातोय की काय असं वाटलं. आठवडाभर उलटसुलट करून वाळवल्या. आजही वापरात आहेत. नीट बघितलं तर बरेच टाके तुटलेले दिसतात, पण ओळी इतक्या जवळ की एक तुटली तरी शेजारची धरून ठेवते.

माझं मत विचाराल तर पट्ट्या जोडा नाहीतर मांडा, आरपार धावदोरा किती जवळ घालताय त्यावर गोधडीचं आयुष्य. बाकी सगळी वरची सजावट.

पायमशीन:
कृष्णाकाठ, दोन मिलीमीटर माया ठेवणाऱ्याचा दोष मशीनच्या माथी मारू नका. रुबियाला दशा फार निघतात, तिला पूर्ण पाव इंच माया द्या, टाका बारीक ठेवा, उसवून दाखवा मग. पण जवळच्या धावदोऱ्याचं पटलं. वरचं कापड मशीनवर जोडलं तरी आरपार टाके घालावेच लागतात, तिथे सुटका नाही.

चिकूची आई:
मग फायबर शीट नकोच का?

कृष्णाकाठ:
घाला हो, पण हातभर अंतरानं शिवू नका. आणि सांगलीच्या उन्हाळ्यात फायबर अंगावर घेऊन बघा एकदा.

जतकर:
आमच्याकडे सीमेवर गोधडीला कौदी म्हणतात. आईकडची माणसं कर्नाटकातली, तिकडे हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायकांच्या कौद्या बघितल्यात. त्यांची पद्धत आत्याबाईंच्या जवळची आहे, पण पट्ट्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात नाहीत. कोपऱ्यापासून सुरुवात, कडेनं तुकडे लावत पूर्ण फेरी, मग आतली फेरी, असं मध्यापर्यंत. प्रत्येक तुकड्याची कड आत दुमडून आरपार टाका. आधी जोडून ठेवलेलं वरचं कापड असा प्रकारच नाही, तुकडा लावणं आणि गोधडी शिवणं एकाच टाक्यात होतं. शेवटी चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या छोट्या तुकड्यांची फुलं लावतात. ती नसली तर कौदी नागडी म्हणतात.

कंदी पेढा यांच्याकडे वीतभर तुकडे जास्त असतील तर हे सोपं जाईल. लांब ओळीसाठी आधी टोकं जोडत बसायला नको.

मिरज जंक्शन:
लहानपणी मला चिंधीचोर म्हणायचे. हा धागा वाचून अभिमान वाटू लागलाय.

वाईकर:
चिंध्यांना नावं ठेवू नका. कराडच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते गाडगेमहाराज जन्मभर ठिगळांच्याच कपड्यांत फिरले.

चिकूची आई:
रंग जाण्याचं कोणीच बोललं नाही. लाल आणि जांभळी रुबिया धुतली की शेजारच्या पांढऱ्याचा सत्यानाश. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर रंग पक्का होतो, आमच्याकडे तसंच करतात.

पायमशीन:
मिठानं होत नाही ताई. कापड रंगवताना मीठ घालतात ते खरं, पण एकदा रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मीठ बांधून ठेवत नाही. जादा रंग काढून टाकणं एवढंच हातात. गडद पट्ट्या वेगळ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग ओल्या पट्टीवर पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग आला की ती पट्टी गोधडीतून बाद.

आणि शिवायच्या आधी सगळंच कापड धुवा. कोरं पॉपलीन आटतं, साडीचा जरीचा काठ आटत नाही. दोन्ही शेजारी शिवलं की पहिल्याच धुण्यात काठ गोळा होऊन बसतो. सुट्ट्या पट्ट्या मशीनमध्ये टाकू नका, दशांची जटा होते. जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधा.

आत्याबाई:
जरीचा काठ अंगाला लागंल असा घेऊच नये. पोरांच्या गालाला टोचतो. लावायचाच तर चारी कडांना, तिथं मजबुती पण येते.

वाईकर:
धुण्यावरून आठवलं, नवरात्र आलं की घरातली यच्चयावत अंथरुणं-पांघरुणं घाटावर. पितृपंधरवडा संपत आला की कृष्णेचा घाट वाकळांनी भरून जायचा, पायरीवर पाय ठेवायला जागा नाही. दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. आम्हा पोरांचं काम एकच, वाळूत वाळत टाकलेल्यांवरून कुत्री जाऊ द्यायची नाहीत.

बिनकामाचा:
आणि घट बसायच्या आदल्या दिवशी पाऊस. दरवर्षी. मग सगळं घर शेजाऱ्यांच्या सतरंजीवर.

हिशेबनीस:
आता घाट कुठला, वॉशिंग मशीन. सात किलोच्या मशीनमध्ये पाच थरांची वाकळ कोंबू नका. कोरडी असताना बसते, पाणी प्यायल्यावर ड्रम एका अंगाला आपटायला लागतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एकांचं मशीन चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत आलं होतं.

शिकागोचा सांगलीकर:
हे इकडे लाँड्रोमॅटमध्ये माझ्यासमोर झालंय. म्हणून तर सांगतो, थर कमी ठेवा. दोन साड्यांचे थर, वर पट्ट्या, खाली पाठ. पांघरायला भरपूर.

आत्याबाई:
शिकागोत चालंल. आमच्याकडं माणदेशात जानेवारीच्या पहाटे ये, मग मोज थर.

कंदी पेढा:
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. पायमशीनदादांच्या हिशेबावर त्या 'शहाणा माणूस आहे' म्हणाल्या आणि आत्याबाईंची रीत ऐकून माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका.

आता ठरलेलं सांगते. माप बदललं, चार फूट बाय साडेसहा फूट. खाली एक जुनं नऊवारी, त्याचे चार थर. पोत्यांतल्या पट्ट्या निवडल्या, दीड इंचाखालच्या निघाल्याच निम्म्याच्या आसपास. जमेल तेवढ्या वीतभर पट्ट्या मशीनवर टोकाला टोक जोडून चार चार फुटांच्या ओळी करते आहे, हे माझं. त्या ओळी उलटी ठेव, आरपार धावदोरा घाल, पलट, अशा हातानं लावायच्या, ते सासूबाईंचं. त्यांच्या दोन मैत्रिणी दुपारी येणार आहेत. सासऱ्यांनी दिवाणखान्यातला टीपॉय आधीच हलवून ठेवलाय.

एक राहिलंच. उरेब पट्ट्यांचा ढीग बराच मोठा झालाय, टाकवत नाहीत. त्यांचं काय करू? आणि त्या एक इंचीवाल्यांचं?

पायमशीन:
४८ बाय ७८ म्हणजे ३९ ओळी, १५६ फूट. आधीपेक्षा ६९ फूट वाचले.

तुमच्या मिश्र पद्धतीत उरेबही चालतील. थेट थरांवर टाका पडतो, खालचं लुगडं त्यांना धरून ठेवतं, ताणायला वावच राहत नाही. फक्त लावताना ओढू नका, जशी पडेल तशी पडू द्या आणि उरेबच्या दोन ओळी लागोपाठ घेऊ नका. सुटं शिवायचं असेल तर मांजरपाटाच्या नऊ इंची चौकोनावर तिरक्या लावा, उलटी ठेवून शिवायची, पलटायची, शेवटी कडा चौकोनाबरोबर कापायच्या. उशीचे अभ्रे होतील.

चिकूची आई:
पण मांजरपाट आधी धुवा हं, ते फार आटतं!

आत्याबाई:
अभ्रे कशाला, कडंला गोट लाव की उरेबचा. उरेब पट्टी कोपऱ्यात छान वळती. दोन इंची काप, दुहेरी दुमड, खालून वर आण आणि हातानं तुरपाई घाल. गोधडी पहिली फाटती ती कडंलाच, तिथं नवी पट्टी बदलता येती.

कंदी पेढा:
झालं, गोट उरेबचाच. एक इंची पट्ट्या?

जतकर:
कोपऱ्यांवरची फुलं. चारच लागतील, बाकीच्या परत पोत्यात.

बिनकामाचा:
म्हणजे माळा काही मोकळा होत नाही. सासऱ्यांना कोण सांगणार?